पंचाहत्तर टक्के भरवशाचे पाणी

प्रश्न : कृष्णेच्या बातम्यांत ‘७५ टक्के विश्वासार्हतेचे पाणी’ असे शब्द येतात. नदीतले ७५ टक्के पाणी वाटून घ्यायचे आणि उरलेले सोडून द्यायचे, असा याचा अर्थ का? शिवाय पाऊस दर वर्षी वेगळा पडत असताना हा आकडा ठरवतात तरी कसा?
– एक वाचक, कराड

उत्तर : नाही. इथले टक्के पाण्याचे नाहीत, वर्षांचे आहेत. चारपैकी तीन वर्षे नदीत निदान जेवढे पाणी येते, ते ७५ टक्के विश्वासार्हतेचे पाणी.

ते काढायची रीत सोपी आहे. नदीच्या जितक्या वर्षांच्या नोंदी मिळतील तितक्या घ्यायच्या आणि सर्वांत ओल्या वर्षापासून सर्वांत कोरड्यापर्यंत उतरत्या क्रमाने मांडायच्या. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने विजयवाड्याच्या १८९४-९५ ते १९७१-७२ अशा ७८ वर्षांच्या नोंदी धरल्या. त्या रांगेत वरून साधारण एकोणसाठावे वर्ष ७५ टक्क्यांवर येते. आकडा निघाला २,०६० टीएमसी. (एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर.) १९७३ च्या निवाड्यात त्यातले ५६० महाराष्ट्राला, ७०० कर्नाटकाला आणि ८०० आंध्र प्रदेशाला मिळाले.

अवघड असते ते मोजणे. विजयवाड्याला पोचते ते वरच्या राज्यांनी वापरून उरलेले पाणी. नदीचा खरा येवा हवा, तर वरच्या धरणांनी अडवलेले, कालव्यांनी नेलेले, वाफ होऊन गेलेले असे सगळे त्यात मिळवावे लागते. कोयनेचे पाणी तर वीज करून सह्याद्रीपलीकडे वाशिष्ठीत उतरते. ते कृष्णेच्या पात्रात दिसतच नाही, पण हिशेबात धरावे लागते. उलट शेतातून पाझरून नदीत परत आलेले पाणी दोनदा मोजले जाऊ नये, हेही पाहावे लागते. वरच्या राज्याने आपला वापर कमी किंवा जास्त सांगितला, तर सगळ्या खोऱ्याचा आकडा हलतो. राज्यांच्या भांडणाची एक मोठी जागा हीच आहे.

दुसरी जागा म्हणजे कोणती वर्षे धरायची. बच्छावत यांची मालिका १९७१-७२ ला संपते, म्हणजे १९७२ चा दुष्काळ तिच्यात नाही. त्यानंतरच्या ब्रिजेशकुमार लवादाने १९६१-६२ ते २००७-०८ अशी ४७ वर्षे घेतली. त्यात १९७२ ही आले आणि २००५ चा सांगलीचा महापूरही. ७५ टक्क्यांचा आकडा २,१७३ वर गेला. नदी तीच, पण वर्षे बदलली. अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीची १९२२ ची वाटणी नेमक्या ओल्या वर्षांच्या नोंदींवर बेतली गेली. त्या नदीकाठची राज्ये त्याची ओढाताण आजही भोगत आहेत.

मग ७५ च का? यामागे निसर्गनियम नाही, हा केवळ संकेत आहे. आपल्याकडे सिंचनाला ७५, जलविद्युतेला ९० टक्के धरतात आणि पिण्याच्या पाण्याला त्याहून अधिक. चारात एक हंगाम बुडाला तर शेती कशीबशी तगते, शहराचा नळ तसा बंद ठेवता येत नाही. ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये ६५ टक्क्यांचे (२,२९३ टीएमसी) आणि सरासरीपर्यंतचे (२,५७८ टीएमसी) पाणीही वाटून टाकले. महाराष्ट्राचा वाटा ६६६ झाला. आकडा वाढला याचा आपल्याकडे आनंद झाला, पण वाढीव पाणी दर तीन वर्षांतल्या जवळपास एका वर्षी येणारच नाही. चांगल्या वर्षाचे पाणी पुढच्या वर्षासाठी साठवायला धरणात जागा असेल, तरच ते हाती लागते. शिवाय ७५ टक्के म्हणजे दर चौथे वर्ष कोरडे असा हिशेब नाही. कोरडी वर्षे लागोपाठही येतात.

ब्रिजेशकुमार लवादाचा निवाडा अजून वादात आहे. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो राजपत्रात प्रसिद्ध करण्यास मनाई केली आणि २०१४ पासून वाटेकऱ्यांत तेलंगणाची भर पडली.