महिन्याची वही आणि पावसाचे पुरमेंत



मागच्या पालक सभेत गणवेश आणि बसचा विषय संपल्यावर एक आई उठून म्हणाल्या, "बाई, मुलांना सकस आहार द्या असे तुम्ही दर सभेत सांगता. किराण्याचे बिल कसे भागवायचे तेही एकदा सांगा." सभेत हशा पिकला, पण त्या स्वतः हसत नव्हत्या. मी तेव्हा दिलेले उत्तर गुळमुळीत होते. आज सविस्तर देते. इयत्ता सातवी ते नववीच्या मुलांसाठी यात गणिताचा गृहपाठही आहे, म्हणून हा लेख घरात सर्वांनी मिळून वाचावा.

माझे शिक्षण इंदूरला, हिंदी माध्यमातून झाले. लग्नानंतर डिचोली तालुक्यात आले तेव्हा इथल्या स्वयंपाकातले निम्मे शब्द मला कळत नव्हते. 'पुरमेंत' हा त्यातलाच एक. शब्द पोर्तुगीजांकडून आलेला, अर्थ मात्र माझ्या ओळखीचा निघाला. आमच्या माळव्यात नवा गहू बाजारात आला की घरोघर वर्षाचा गहू भरत, एरंडेल लावून कोठीत ठेवत. इथे चतुर्थीपर्यंतच्या पावसाची बेगमी मे महिन्यातच होते: उकडे तांदूळ, कुळीथ, काळे वाटाणे, अळसांदे, सुक्या मिरच्या, चिंच, सोलां, मीठ, सुकी सुंगटे, खारे बांगडे, मिठात घातलेली तोरां. सासूबाई मे महिन्यात माळ्यावरची मडकी खाली काढून उन्हात तापवत, तेव्हा मला ती हौस वाटे. तो हिशेब होता हे मला 2012 साली कळले.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातले खाणकाम थांबवले. डिचोलीत त्याचा अर्थ काय होता, हे इथल्या लोकांना सांगायला नको. दारादारात ट्रक उभे राहिले आणि बँकेचे हप्ते चालू राहिले. त्या हिवाळ्यात माझ्या वर्गातला नववीचा एक मुलगा प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडला. मध्यान्ह आहार तेव्हा आठवीपर्यंतच होता. त्याच्या डब्यात बिस्किटाचा एक पुडा होता, आणि सकाळी चहाबरोबरही तेच खाऊन तो आला होता.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. अंगणात ताडपत्री घातलेला ट्रक होता. मी काही विचारण्याआधीच त्याच्या आईने दुकानाची उधारीची वही माझ्यापुढे ठेवली. "बाई, बघा, मी काही उधळते का?" उधळपट्टी कुठेच नव्हती. पण तीन आठवड्यांत तूरडाळीची एकही नोंद नव्हती. अंडी नव्हती. मासे तर बंदच केले होते. आणि जवळजवळ रोज एक-दोन ओळी: बिस्किटे पाच रुपये, नूडल्स दहा रुपये, फरसाण दहा रुपये, शांपूची पुडी. डाळीच्या किलोचा आकडा मोठा दिसतो, म्हणून ती आधी सुटली. पाच-दहा रुपये कोणाला खुपत नाहीत, म्हणून ते राहिले. महिनाअखेर बेरीज केली तेव्हा त्या किरकोळ ओळींच्या रकमेत डाळ आली असती, अंडीही आली असती.

त्या मुलाची आजी पडवीत बसून ऐकत होती. ती एवढेच म्हणाली, "दुकान दारांत आयलें, मडकीं रितीं जालीं." ट्रकचा पैसा खुळखुळू लागला तसे त्या घराने पुरमेंत भरणे सोडले होते. पैसा असताना ते चालूनही गेले. 2018 मध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या तेव्हा त्या घरात माळ्यावर कुळीथ होते, हे मी स्वतः पाहिले आहे.

आता कामाचे. पहिली गोष्ट वही. एक महिना घरात येणारी प्रत्येक वस्तू लिहायची, आणि तीन रकाने करायचे. पहिला 'अन्न': तांदूळ, पीठ, डाळ, कडधान्य, तेल, दूध, अंडी, मासळी, भाजी, नारळ. दुसरा 'चव': बिस्किटे, वेफर्स, फरसाण, नूडल्स, थंड पेये. तिसरा 'बाकी': साबण, पावडर, फिनेल, अगरबत्ती, डासांची कॉइल. हा तिसरा रकाना सगळ्या घरांना चकवतो. आपण 'किराणा महागला' म्हणतो तेव्हा त्याच पिशवीतून साबण आणि पावडरही येत असते, आणि काटकसर मात्र डाळीवर होते. माझ्या स्वतःच्या घरी वही ठेवली तेव्हा तिसऱ्या रकान्याने मलाच लाजवले.

नियम एकच: कात्री आधी दुसऱ्या रकान्याला, मग तिसऱ्याला. पहिल्या रकान्यात फक्त अदलाबदल करायची, वजाबाकी नाही. तेल आणि साखर एवढेच त्याला अपवाद. तेल माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या आसपास पुरे, असे आहारतज्ज्ञ सांगतात. पाच माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर तिथे पैसाही वाचेल आणि तब्येतही.

मुलांनो, आता तुमचे गणित. पाकिटावर एमआरपीशेजारी हल्ली 'युनिट सेल प्राइस' छापलेली असते, म्हणजे एका ग्रॅमला किंवा किलोला किती पडले ते. दहा रुपयांच्या वेफर्सच्या पाकिटात 25 ग्रॅम माल असेल, तर किलोला 400 रुपये झाले. त्याच दुकानात भाजलेल्या शेंगदाण्यांचा आणि चण्याचा भाव विचारा आणि तिन्ही आकडे शेजारी मांडा. नंतर पाकिटाची मागची बाजू वाचा. 100 ग्रॅम गोड बिस्किटांत प्रथिने सहा-सात ग्रॅम, साखर मात्र 25 ग्रॅमच्या आसपास सापडेल. 100 ग्रॅम कुळथात प्रथिने सुमारे 22 ग्रॅम, शेंगदाण्यात 25, एका अंड्यात सहा. आता एक रुपयात किती प्रथिने मिळाली ते प्रत्येकाचे काढा. त्रैराशिकाचे यापेक्षा चांगले उदाहरण पुस्तकात मला मिळालेले नाही.

मोठी पाकिटे नेहमी स्वस्त पडतात, हाही समज तपासून पाहावा. कधी पडतात, कधी नाही. 'एकावर एक फुकट' बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या रकान्यातच मिळते. तांदळावर मला ते कधी मिळाले नाही!

अदलाबदलीत आपला गोवा श्रीमंत आहे. इसवण परवडत नसेल तर तारले आणा. प्रथिनांत ते कमी नाहीत, अंगच्या चरबीचे गुणही चांगले, आणि बारीक तारले काट्यांसह खाल्ले तर चुना, म्हणजे कॅल्शियम, वर मिळतो. मासळी बंदीच्या काळात, 1 जून ते 31 जुलै, ताज्या मासळीमागे धावू नये. त्या दिवसांसाठीच सुक्या सुंगटांची किसमूर असते. सुकी मासळी खारट असल्याने ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी मात्र बेताने खावी. दुधाचा खर्च झेपत नसेल तर लहान मुलांचे दूध चालू ठेवून मोठ्यांनी नाचणीचे तिजण घ्यावे. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, दुधात 120. उकड्या तांदळाची पेज तर सोडूच नये. भात उकडताना कोंड्यातले ब-1 जीवनसत्त्व दाण्यात उतरते, ते पांढऱ्याशुभ्र सुरय तांदळात राहत नाही. पेज आणि कुळथाची पिठी हे पेडण्यातले जेवण गरिबीचे म्हणून आपण पाहुण्यांपासून लपवतो, पण धान्य आणि कडधान्य एकत्र आले की एकाच्या प्रथिनात असलेली उणीव दुसरे भरून काढते.

नारळाचे वेगळे सांगितले पाहिजे, कारण 2025 मध्ये त्याचे भाव चढले तेव्हा अनेक घरांत हुमणाची चवच बदलली. वाटण करताना भिजवलेले थोडे तांदूळ घातले की कमी नारळात हुमण दाट होते. उरलेली अर्धी वाटी खवून फ्रीजरमध्ये ठेवावी, म्हणजे वास येऊन फेकावी लागत नाही.

भाजीच्या बाबतीत वार पाळावा. सोमवारी साखळी, बुधवारी डिचोली, गुरुवारी पेडणे, शुक्रवारी म्हापसा. बाजाराच्या दिवशी आठवड्याची भाजी एकदम घेतली की रोजच्या फेऱ्या आणि त्या फेऱ्यांतली पाकिटेही वाचतात. कांदे, बटाटे, टोमॅटो फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर बाजारापेक्षा कमी दरात मिळतात, तिथे रांग लावण्यात कमीपणा कसला? पावसाळ्यात बेळगावहून घाट चढून-उतरून येणारी भाजी महाग होते. नेमका त्याच दिवसांत टाकळा, कुड्डू, तेरे, शेवग्याचा पाला आपल्या कुंपणाशी उगवतो. अळू-तेऱ्याला चिंच किंवा सोलां हवीत, नाहीतर घसा खाजतो. ओळख नसलेला पाला घरातल्या जाणत्या बाईला दाखवल्याशिवाय तोडू नये. (अळमी मात्र या हिशेबात धरू नका. शेकड्याचा भाव ऐकूनच पोट भरते.)

ज्यांचे रेशन कार्ड अन्न सुरक्षा कायद्याखाली आहे, त्यांना जानेवारी 2023 पासून ते धान्य मोफत मिळते. ते जरूर घ्यावे. गेल्या काही वर्षांत त्या तांदळात थोडे वेगळे, फिकट दाणे दिसू लागले तेव्हा 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून काही घरांनी ते निवडून फेकले. ते दाणे लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-12 मिसळून तांदळाच्या पिठाचेच केलेले असतात. आपण फेकतो तो मुलांचा खुराक असतो.

आता पुरमेंत. पाच माणसांना माणशी रोज 50 ग्रॅम धरले तरी डाळ-कडधान्य पावशेर लागते. महिन्याला साडेसात किलो, जून ते सप्टेंबर तीस किलो. हे सगळे पाव-पाव किलोच्या पुड्यांनी घेणे आणि मे महिन्यात एकदम घेणे, यांतला फरक काढून पाहा. पण सगळेच भरू नये. रवा, मैदा, पिठे यांना पावसात टोके लागतात, तेल जुने झाले की खवट होते. कडधान्य कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवून, थंड झाल्यावर कोरड्या पिंपात भरावे, कडुलिंबाचा सुका पाला घालावा. मिरचीबद्दल खरे सांगते. आपल्या पेडण्याची हरमल मिरची नावाजलेली आहे, तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, पण ती स्वस्त नाही. थोडी ती आणि रंगाला थोडी ब्याडगी, असे आमच्याकडे करतात.

याला आक्षेप येणार, आणि तो योग्य आहे. हातावर पोट असलेल्याने मे महिन्यात एवढे पैसे एकदम आणायचे कुठून? गरीब माणूस पुडी घेतो ती त्याला हिशेब येत नाही म्हणून नव्हे, हातात तेवढेच असते म्हणून. मुले 'चव'चा रकाना भरत असतील तर त्यातले आठवड्याला शंभर रुपये जानेवारीपासून वेगळे काढले तरी मे महिन्यापर्यंत सतराशे-अठराशे रुपये होतात. तीन-चार घरांनी मिळून एक पोते घेता येते. आमच्या वाड्यावरच्या स्वयंसाहाय्य गटातल्या बायका कुळीथ आणि काळे वाटाणे असेच आणतात आणि शाळेच्या जुन्या तराजूवर वाटून घेतात. तराजू हवा असल्यास कार्यालयात सांगावे.

1955 साली भारत सरकारने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा इथे बटाटेसुद्धा हॉलंडहून बोटीने येत, असे जुने लोक सांगतात. ज्यांच्या आजी-आजोबांनी ते दिवस पाहिले आहेत त्यांनी घरात काय शिजत होते ते विचारून लिहून आणावे. पुढच्या अंकासाठी ते मला हवे आहे.

गृहपाठ असा: 1 तारखेपासून महिनाभर वही, तीन रकाने, शेवटी बेरीज. रकमा वर्गात वाचून दाखवायच्या नाहीत, घरचा पैसा घरात राहील. फक्त तीन रकान्यांची टक्केवारी लिहून बंद पाकिटात वर्गशिक्षकांकडे द्यावी, नाव नको. आणि त्या महिन्यात अन्नाच्या रकान्यात काय कमी झाले असेल तर तेवढे मात्र पालकांनी मला येऊन सांगावे. शनिवारी साडेबारानंतर मी कार्यालयात असते.