ट्रंकेतले अंक आणि स्वामित्वहक्क

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत 1950 ते 60 या काळातली वर्तमानपत्रं सापडली. स्कॅन करून ती इंटरनेटवर ठेवता येतील का? – एक वाचक, आटपाडी

उत्तर : कागद तुमचा असला, तरी मजकुराचा हक्क तुमच्याकडे येत नाही. 1957च्या कायद्याने निनावी मजकुराला प्रकाशनानंतर 60 वर्षं संरक्षण दिलं आहे. 1955ची बिननावी बातमी 2015अखेर मोकळी झाली. ती खुशाल ठेवा. लेखकाचं नाव छापलेलं असेल, तर मात्र त्याच्या मृत्यूनंतरची 60 वर्षं मोजायची. तुमच्याच तालुक्यातले गदिमा 1977 साली गेले, म्हणजे त्यांची कविता 2037अखेर संरक्षित. व्यंकटेश माडगूळकर, शंकरराव खरात 2001 साली गेले; त्यांचं लेखन 2061अखेर. एकाच पानावर मोकळी बातमी आणि शेजारी संरक्षित कविता असू शकते, तेव्हा पान न् पान तपासा. तेवढा मजकूर झाका किंवा वारसांची लेखी परवानगी घ्या.

माझं मत विचाराल, तर अंक आधी गावच्या वाचनालयाला द्या. ना-नफा सार्वजनिक वाचनालयाला आपल्याकडच्या छापील प्रतीची जतनासाठी डिजिटल प्रत कलम 52नुसार ठेवता येते. आणि घडीवर फाटलेल्या पानांना चिकटपट्टी कृपया लावू नका. तिचा डिंक पिवळा पडून अक्षरं खातो.