काटा कधी चढतो, ते आधी बघ

अगं, फोनवर तू एवढंच म्हणालीस की तुझी मारुती 800 गरम होते आणि गॅरेजवाला म्हणतो, रेडिएटर बदलून टाका. हो म्हणायच्या आधी माझं थोडं ऐक. वाईहून पाचगणीला जाताना पसरणीचा घाट तू पोरांना घेऊन चढतेस, म्हणून जीव तुटतो माझा.

मारुती 800 पहिल्यांदा 1983 मध्ये रस्त्यावर आली आणि 2014 मध्ये बनायची थांबली. म्हणजे सगळ्यात नवी गाडीसुद्धा आता जुनीच. तिचे पार्ट कुठेही मिळतात, त्यामुळे रोग न शोधता एकेक पार्ट बदलत जायची खोड लागते. नुसतं ‘गरम होते’ म्हणून कुणालाच काही कळत नाही. कधी होते, ते सांगता आलं पाहिजे, आणि ते तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नसणार. गाडी तूच चालवतेस ना!

मे महिन्यात सुरूर फाट्यावरून वाईकडे येताना महाबळेश्वरच्या गाड्यांमध्ये अडकलीस, टेम्परेचरचा काटा चढला, आणि मोकळा रस्ता मिळताच खाली आला, तर पंख्याकडे बघ. चालत्या गाडीत समोरचा वारा रेडिएटर थंड करतो. उभ्या गाडीत ते काम एकट्या पंख्यावर येतं. अंगणात गाडी चालू ठेवून बघ. काटा मध्याच्या थोडा वर गेला की पंखा आपोआप फिरायला हवा. नाही फिरला तर आधी फ्यूज, मग रिले, मग सेन्सरची पिन आणि सगळ्यात शेवटी मोटर. हात मात्र पंख्यात घालू नकोस. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही तो अचानक सुरू होतो.

गावात काटा जागचा हलत नाही आणि घाटातच चढतो, तर गोष्ट वेगळी. वाई साधारण 700 मीटर उंचीवर, पाचगणी 1300च्या आसपास. एवढी चढण इंजिन जोर लावून चढतं, वेग कमी, वारा कमी. रेडिएटर आतून क्षारांनी अर्धा बुजलेला असेल तर तो इथेच हार मानतो. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं की हेच होतं. पण म्हणून लगेच नवा घ्यायचा नाही. बाहेरून माती, किडे साफ करून घे, आतून फ्लश करून घे, वॉटर पंप आणि पट्टा तपासून घे. नंतर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच घाल, नळाचं नको.

आणि ते झाकण! रेडिएटरचं झाकण कुणी बघतच नाही. पाचगणीच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळतं. झाकण आतला दाब धरून ठेवतं, म्हणून गाडीतलं पाणी शंभराच्या वर गेलं तरी उकळत नाही. रबर कडक झालं, स्प्रिंग ढिली पडली की दाब टिकत नाही आणि चांगला रेडिएटरही उकळतो. सगळ्यात स्वस्त वस्तू ही, म्हणून सुरुवात हिच्यापासून कर. त्याच दाबाचं झाकण घे, जास्त दाबाचं नको. जुने पाइप फाटतात.

‘ताई, थर्मोस्टॅट काढूनच टाकू’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. साधारण 82 अंशांना उघडणारी ती झडप इंजिन लवकर तापवते. ती काढली की इंजिन गारच राहतं, पेट्रोल जास्त पितं आणि आतून झिजतं. अडकली असेल तर नवी बसव.

खरी काळजी हेड गॅस्केटची. बाहेर थेंब गळत नाही, तरी पाणी रोज कमी होतं. थंड गाडी चालू केल्यावर थोड्याच वेळात वरचा होस दगडासारखा कडक होतो. गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो, ऑइल दुधाळ दिसतं. यातलं काही दिसलं तर गाडी घाटात नेऊच नकोस. तशीच दामटलीस तर हेड वाकतं आणि खर्च कितीतरी पटीनं वाढतो.

वाटेत काटा चढायला लागला तर एसी बंद कर, हीटर असेल तर पूर्ण चालू कर, आणि खालच्या गिअरमध्ये शांतपणे जागा बघून थांब. वाफ दिसली किंवा काटा लाल पट्टीत गेला तर इंजिन लगेच बंद. काटा चढता चढता एकदम खाली पडला तर खूश होऊ नकोस. सेन्सरपाशी पाणीच उरलं नसेल. आणि काहीही झालं, कितीही घाई असली, तरी गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. दाबाखालचं पाणी क्षणात तोंडावर येतं. निदान अर्धा-पाऊण तास थांब, मग जाड फडकं घेऊन हळूहळू फिरव. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतू नकोस.

उद्या सकाळी गाडी गार असताना रेडिएटरमध्ये पाणी कुठवर आहे ते बघ. मग गॅरेजवाल्याला आधी प्रेशर टेस्ट करायला सांग, आणि तो काय म्हणतो ते मला कळव. तोवर पाचगणीला एसटीनंच जा गं.