आधी परतीची वाट

झिला, तू होडी घेतलीस हे ऐकून फार बरं वाटलं. बावीस फुटांची फायबरची होडी आणि मागे 9.9 अश्वशक्तीचं इंजिन, पहिल्यावहिल्या होडीला एवढं पुष्कळ झालं. ती पाच-सहा माणसांत वाळूवर ओढता येते आणि इंजिन बिघडलं तरी वल्ह्यांवर थोडीफार हलते. नोंदणी, मासेमारीचा परवाना, विमा हे कागद मत्स्यव्यवसाय खात्यात आधी पुरे करून घे. मासळी कुठे लागते, जाळं किती पाण्यात मारायचं, हे मी इथे लिहीत नाही. ते वाडीतली माणसं आणि समुद्र तुला शिकवतीलच. मला सांगायचंय ते एकच. किनाऱ्यावरून पाय उचलण्याआधी परत कधी, कुठून आणि कुठल्या पाण्यावर यायचं, हे मनात पक्कं झालेलं असलं पाहिजे.

होडी शेडमधून गावात येईल ती ट्रॉलीवर. ट्रॉलीवर चढवताना वजन चाकांच्या किंचित पुढे राहू दे. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढच्या हुकावर पडला की ट्रॉली सरळ चालते. वजन मागे गेलं की ती रस्ताभर डावी-उजवी डुलत राहते आणि उतारावर गाडीलाच ओढून नेते. नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला एक आणि मागच्या दोन कोपऱ्यांना दोन असे दोर ताण. नवा दोर थोड्या अंतरातच सैल पडतो, म्हणून पहिल्या दोन-तीन किलोमीटरनंतर थांबून पुन्हा आवळून घे. इंजिन होडीवर लावून आणू नकोस, ते टेंपोत गोधडीवर ठेवून वेगळं आण. ट्रॉली मागे घेण्याची सवय मोकळ्या मैदानात कर. स्टिअरिंग खालच्या बाजूला धर. मग ट्रॉली ज्या बाजूला न्यायची, हात त्याच बाजूला फिरवायचा. वाळूत शिरण्याआधी चाकांतली थोडी हवा सोड आणि परत रस्त्याला लागताना भर. लांबून आल्यावर चाकांचे बेअरिंग गरम झालेले असतात. ते तसेच खाऱ्या पाण्यात घातलेस तर थंड होताना पाणी आत ओढून घेतात आणि त्याच हंगामात गंजतात. तेव्हा आधी अर्धा तास ट्रॉली सावलीत उभी ठेव. त्याच अर्ध्या तासात होडीच्या तळाचं बूच हाताने चाचपून बघ. डोळ्यांनी पाहिलं म्हणजे झालं, असं बुचाच्या बाबतीत चालत नाही.

आता पाण्याचं. मोबाइलवर भरती-ओहोटीच्या वेळा मिळतात, त्या बघच. पण आपल्या कोकणातला जुना हिशेबही तोंडपाठ असू दे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पक्ष शुद्ध असो की वद्य, दिवस असो की रात्र, हिशेब तोच. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी संपते. अर्धा तास इकडेतिकडे होईल, पण मोबाइल पाण्यात पडला तरी हा हिशेब बुडत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाण्याची ये-जा कमी. मुंबईकडे उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, आपल्या मालवणकडे दोन मीटरच्या आसपास. दोन मीटर म्हणजे कमी, असं समजू नकोस. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीचे खडक भरतीत दिसत नाहीत, पण तिथेच असतात. सकाळी ज्या वाटेने सहज बाहेर गेलास तीच वाट चार तासांनी दगडांनी भरलेली असू शकते.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही, हेही लक्षात ठेव. सहा तासांच्या भरतीचे बारा भाग धरलेस तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन आणि शेवटी एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी हलतं, आणि खाडीत ओढ सगळ्यात जास्त असते तीही तेव्हाच.

खाडीच्या तोंडाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण घात होतो तो तिथेच. देवबागला कर्ली समुद्राला मिळते, तिथे वाळू सतत सरकत असते. गेल्या हंगामातली वाट या हंगामात असेलच असं नाही. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडत असतं आणि समोरून लाट आत येत असते. दोघांची गाठ वाळूच्या उथळ पट्ट्यावर पडते आणि तिथे लाट उभी राहून फुटते. आतून बघणाऱ्याला लाटेची पाठ दिसते, ती गुळगुळीत असते, त्यामुळे पाणी शांत वाटतं. जवळ गेल्यावर पांढरा फेस दिसतो, पण तोवर ओढीने होडी पुढे नेलेली असते. म्हणून नवख्याने खाडीचं तोंड ओलांडायचं ते भरतीवर, जातानाही आणि येतानाही. त्याला द्वादशीसारखा दिवस सोयीचा. पूर्ण भरती सकाळी नऊच्या सुमाराला. सहाला चढत्या पाण्यावर निघायचं आणि पाणी फिरण्याआधी, साडेआठला आत यायचं. अडीच तासांत काय मिळणार, असं म्हणशील. पहिल्या फेऱ्यांना मासळी नसली तरी चालेल. वाट, खुणा आणि इंजिनाचा आवाज ओळखीचा होणं जास्त मोलाचं.

खुणा म्हणजे एका ओळीत येणाऱ्या दोन वस्तू. देवळाचा कळस आणि त्याच्या मागचा उंच माड एकावर एक आले की तू वाटेवर आहेस. माड डावीकडे सरकला की तू वाट सोडलीस. एकच खूण धरून येणारा माणूस ओढीने बाजूला जातो आणि त्याला ते कळतही नाही. जीपीएस असलं तरी या जोड्या तांडेलाकडून मागून घे आणि वहीत लिहून ठेव.

1 जून ते 31 जुलै बंदी असते. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की वाडीतल्या होड्या निघतात, पण तू त्या गर्दीत निघू नकोस. ऑगस्ट-सप्टेंबरच्या लाटा जुन्या हातांसाठी आहेत. तू दिवाळीनंतर सुरुवात कर. तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंत सकाळी जमिनीवरून मतलई वारा येतो आणि किनाऱ्याजवळचं पाणी सपाट असतं. दुपारी खारा वारा सुटतो आणि पाणी खवळतं. सगळे सांगतात की मतलईवर जा आणि खारा सुटायच्या आत ये. खरंच आहे. पण त्यात न सांगितलेली गोष्ट अशी, की मतलई तुला बाहेर नेत असतो. इंजिन बंद पडलं तर सपाट, सुंदर पाण्यावरून होडी हळूहळू किनारा सोडत जाते. म्हणून इंजिन थांबलं की पहिलं काम नांगर. इंजिनाचं झाकण नंतर उघडायचं. नांगराचा दोर खोलीच्या निदान पाचपट हवा, वारा असेल तर सातपट, आणि दोराला पुढे दोन-तीन मीटर साखळी. नांगर नेहमी नाळेवरून टाकायचा. मागून टाकलास तर लाट मागच्या बुटक्या फळीवरून थेट आत येते.

समुद्राचा अंदाज हैदराबादची इन्कॉइस संस्था रोज देते. त्यात लाटेची उंची लोक बघतात, तू सेकंदांचा आकडाही बघ. एक मीटर उंचीची लाट दर सहा सेकंदांनी येत असेल तर ती वाऱ्याची लाट, होडी नुसती हिंदकळते. तीच एक मीटर दर चौदा सेकंदांनी येत असेल तर ती दुरून आलेली, तळापर्यंत जोर असलेली लाट. ती बाहेर जाणवत नाही, पण किनाऱ्याला लागल्यावर उठून दुप्पट होते. त्या दिवशी होडी वाळूवरच राहू दे.

होडी पाण्यात लोटताना घाई नको. आधी किनाऱ्यावर उभं राहून दहा मिनिटं नुसतं बघ. मोठ्या लाटा तीन-चारच्या घोळक्याने येतात, मग उसंत मिळते. त्या उसंतीत निघायचं. नाळ लाटेसमोर सरळ, माणसं दोन्ही बाजूंना मागच्या अर्ध्यात. होडी आणि किनारा यांच्या मधे कुणी उभं राहायचं नाही, हे ओरडून सांग. होडी आडवी झाली आणि लाटेने उचलली तर काही शे किलो वजन माणसाच्या अंगावर येतं. इंजिन अर्धवट वर उचललेलं ठेव आणि एकाच्या हाती वल्हं दे. पाणी कमरेएवढं झाल्यावर इंजिन खाली सोडून सुरू कर. उथळ पाण्यात सुरू केलंस तर पंखा वाळू उडवतो आणि ती वाळू थंड पाण्याच्या वाटेने इंजिनात जाते. फुटणाऱ्या लाटेवर जोर लावून झेप घेऊ नकोस, होडी पलीकडे आपटते आणि फायबरला तडा जातो. वेग कमी कर, लाट नाळेखालून जाऊ दे, मग पुढे हो.

इंजिन सुरू झालं की मागे बघायची सवय लाव. करंगळीपेक्षा बारीक पाण्याची धार बाहेर पडताना दिसली पाहिजे. ती धार म्हणजे आत थंड पाणी फिरतंय याची खूण. धार बारीक झाली, तुटक झाली किंवा थांबली, की लगेच इंजिन बंद कर. आतला छोटा रबरी पंखा कोरडा फिरला तर बघता बघता जळतो. बऱ्याचदा प्लास्टिकची पिशवी पाण्याच्या जाळीला चिकटलेली असते, ती काढली की काम होतं. इंजिन बंद करणारी लाल दोरी मनगटाला बांध. वाडीत ती कुणी बांधत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी तू बांध. एकटा असताना तोल जाऊन पाण्यात पडलास तर होडी गोल फिरत पंख्यासकट तुझ्याकडेच येते. लाइफ जॅकेट फळीखाली नको, अंगात हवं. जाळं ओढताना इंजिन न्यूट्रलला आणि धारदार सुरी हाताशी. जाळं पंख्यात गेलं की आधी इंजिन बंद, मगच हात घालायचा. घरी आल्यावर इंजिनातून दहा मिनिटं गोडं पाणी फिरव. मग मिठाने झिजत आलेला जस्ताचा तुकडा बघ, आणि तो निम्मा झाला की बदल.

परत किनाऱ्याला लागताना लाट मागून येते, म्हणून ते निघण्यापेक्षा कठीण. लाटेच्या पाठीवर बसायचं आणि तिच्याच वेगाने यायचं. तिच्या माथ्यावरून पुढे उतरलास तर नाळ खड्ड्यात रुतते आणि होडी आडवी फिरते. मागे रेंगाळलास तर पुढची लाट मागच्या फळीवर चढते. इंजिनाचा जोर कमी-जास्त करत तेवढंच अंतर राखणं, यातच सगळं कसब आहे. बाहेर थांबून उसंत येऊ दे, इंधन जळालं तर जळू दे.

आणि शेवटचं, दुसऱ्याला ओढून आणण्याचं. कधी ना कधी ती वेळ येईलच, तुझ्यावर किंवा तुझ्यासाठी. पन्नास मीटर नायलॉनचा जाड दोर होडीत वेगळा ठेव, जाळ्याच्या कामाला तो वापरायचा नाही. बंद पडलेल्या होडीच्या नाळेच्या कडीला एक टोक बांध. आपल्या होडीच्या मागच्या दोन कोपऱ्यांतून दोराचा त्रिकोण करून दुसरं टोक त्याला अडकव. मग ओढ मधोमध येते आणि तुझी होडी वळू शकते. जिथे दोर काठावर घासतो तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळ, नाहीतर तासाभरात दोर तिथेच झिजून तुटतो. दोर एवढा लांब सोड की दोन्ही होड्या एकाच वेळी लाटेच्या माथ्यावर आणि एकाच वेळी खाली येतील. मग झटके बसत नाहीत. पहिला ताण अगदी हळू घे. ताणलेला नायलॉन तुटला की चाबकासारखा परत येतो, म्हणून दोराच्या रेषेत कुणालाही बसू देऊ नकोस. मागच्या होडीतलं इंजिन वर उचललेलं आणि माणसं मागच्या बाजूला बसलेली असू देत. दोन्ही होड्यांत दोर कापायला सुरी हवी. निघतानाच किनाऱ्यावर फोन करून ठेव. तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 हे नंबर फळीच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने लिहून ठेव. व्हीएचएफ असेल तर 16 नंबरचा चॅनल लावून ठेव.

किनाऱ्याजवळ आल्यावर मात्र ओढत ओढत फुटत्या लाटांत शिरू नकोस. दोराने बांधलेल्या दोन होड्या एका लाटेत सावरता येत नाहीत. लाटा फुटतात त्याच्या बाहेरच त्या होडीचा नांगर टाक, तिच्यातली माणसं तुझ्या होडीत घे आणि त्यांना घेऊन वर ये. होडी तिथेच असू दे, पाणी भरलं की चार माणसं घेऊन जा आणि आण.