जबानी आणि पाहणी

वृद्ध माणसाच्या हालचालीविषयी त्याची तोंडी जबानी तेवढी टिपून घेऊन दप्तर बंद करण्याचा शिरस्ता किती घातक ठरू शकतो, हे उदगिरात आमच्या आत्याच्या बाबतीत मी पाहिले असल्यामुळे, ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे आहेत त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

एका आरोग्य शिबिरात आत्याला विचारण्यात आले की आंघोळ, कपडे, शौच, उठबस, जेवण हे तुमचे तुम्ही करता काय. आणि 'सगळं माझं मीच करते की, लेकरा,' असे तिने सांगताच सर्व रकान्यांत 'होय' अशी नोंद झाली. ती खोटे बोलत नव्हती. परंतु बाजेवरून उठण्यापूर्वी ती दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून क्षणभर थांबत असे, उंबरा ओलांडताना चौकट धरीत असे, आणि किल्ल्यातील उदागीरबाबांच्या समाधीला जाणे तिने केव्हाच सोडले होते. हे कोणी विचारले नाही, म्हणून कागदावर आलेही नाही. पुढच्या पावसाळ्यात न्हाणीत पडून तिच्या खुब्याचे हाड मोडले.

सिडनी कॅट्झ या अमेरिकन वैद्याने १९६३ साली प्रसिद्ध केलेली, ही पाच धरून असलेली सहा कलमे आजही उपयुक्त आहेत. मात्र परावलंबन आल्याचे ती सांगतात, ते येऊ घातल्याची चाहूल त्यांतून क्वचितच लागते. म्हणूनच मुंबईच्या देवनार येथील लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर पंचेचाळिशीपुढील माणसे व त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची पाहणी केली, तेव्हा प्रश्नांच्या जोडीला मुठीची पकड, तोल आणि चालीचा वेगही प्रत्यक्ष मोजला.

घरी एवढे सहज करता येते. बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, हात छातीवर घडी घालून पाच वेळा उठण्या-बसण्यास सांगावे, आणि आपण अगदी शेजारी उभे राहावे. आशियाई तज्ज्ञांच्या स्नायुक्षयाविषयीच्या २०१९ च्या निकषांनुसार १२ सेकंद वा त्याहून अधिक वेळ लागल्यास पायांतील शक्ती घटल्याचा संशय घ्यावा. माझ्या वडिलांचा, आत्याच्या धाकट्या भावाचा, हात तिसऱ्याच उठण्याला छातीवरून सुटून नकळत आधार शोधू लागला, आणि हे गृहस्थ रोज बाजारहाट करणारे! ते दृश्य पाहून आम्ही त्यांना त्याच आठवड्यात व्यायामोपचारतज्ज्ञाकडे नेले. चालीचा वेग सेकंदाला एक मीटरहून कमी असणे, हेही त्याच निकषांत धोक्याचे लक्षण मानले आहे.

मनगटावरील पावले मोजणाऱ्या पट्ट्यावर मात्र सर्वस्वी विसंबू नये. पाय ओढत सावकाश चालणाऱ्याची, किंवा काठी धरल्याने हात न हलवणाऱ्याची बरीच पावले त्याच्या हिशेबातून निसटतात, आणि ज्वारी पाखडण्यात, अंगण झाडण्यात गेलेली सकाळ तर त्यात नीट मोजलीच जात नाही. ती कामे घरच्यांनीच तारखेसह वहीत लिहावीत, खुर्चीचे सेकंदही तिथेच मांडावेत, आणि दर तीन महिन्यांनी त्याच खुर्चीवर पुन्हा मोजून तफावत वैद्यांना दाखवावी.