सहाव्या वर्षाची दाढ

२०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळा झालेला आमचा पांढुर्णा जिल्हा म्हणजे पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा संत्र्यांचा मुलूख. येथील बागाईतदाराला झाडाच्या पानावरचा लहानसा डागही दुरून दिसतो. पण त्याच्याच घरात मुलाच्या दाढेवर काळा डाग पडला, तर ‘दुधाचा दात आहे, पडेल आपोआप,’ एवढ्यावर विषय संपतो. असे का व्हावे, याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत.

आईवडिलांचे, विशेषतः आईचे, शिक्षण जेथे अधिक, तेथे मुलांचे दात कमी किडलेले असतात, असे अनेक देशांतील पाहण्यांत आढळले आहे. मात्र हा संबंध दिसतो तितका सरळ नव्हे. शिक्षणाबरोबर बहुधा पैसा येतो, सवड येते, नागपूरच्या दंतवैद्याकडे जाण्याची सोय येते. तेव्हा यात गुण पदवीचा किती आणि परिस्थितीचा किती, हे निवडून काढणे कठीण. शिवाय शिकलेल्या घरात चॉकलेटे कमी येतात असे थोडेच आहे! आणि शिकलेले वडीलही खर्रा चघळताना आम्ही पाहतोच.

मग शिक्षण उपयोगी पडते ते नेमके कोठे? मूल सहा वर्षांचे झाले की दुधाच्या वीस दातांच्या मागे, वरखाली व दोन्ही बाजूंस एकेक, अशा चार नव्या दाढा फुटू लागतात. त्यांच्यासाठी एकही दुधाचा दात पडत नाही. म्हणून घरची माणसे त्यांनाही दुधाच्याच समजतात. वस्तुतः त्या कायमच्या होत. त्या गेल्या की त्यांच्या जागी दुसऱ्या यावयाच्या नाहीत. त्यांच्या माथ्यावर खोल खाचा असतात, त्यांत अन्न अडकते, आणि लहान मुलाचा ब्रश तेथवर नीट पोहोचत नाही. एवढी एक गोष्ट जिला ठाऊक आहे, ती आई चौथी शिकलेली असो की बी. ए. झालेली, मुलाला उजेडात बसवून त्याचे तोंड उघडून पाहते.

दाताला कीड लागते म्हणतात, पण आत किडा नसतो. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन किडा पाडण्याचा उपाय आमच्या आज्यापणज्यांना माहीत होता. त्याने दाढ मात्र वाचत नाही. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळविते. लाळ त्याचा जोर हळूहळू मोडते, पण त्याला अर्धा तास तरी लागतो. म्हणून जेवणाबरोबर एकदा खाल्लेला गूळ त्या मानाने बरा; दप्तरातून दिवसभर एकेक निघणारी नारंगी गोळी लाळेला उसंतच देत नाही. २००२-०३ च्या देशव्यापी पाहणीत बारा वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले, यात नवल ते काय?

टूथपेस्टच्या वेष्टनावर फ्लोराइडचा उल्लेख आहे की नाही, हे पुष्कळ घरांत वाचणार तुम्हीच. आई शाळेत गेली नसेल, तर ते तिला वाचून दाखवा. नंतर धाकट्या भावंडाला टॉर्चच्या उजेडात बसवा. समोरच्या दोन दातांच्या मधून मागे मोजत जा: पाचवी ती दुधाची शेवटची दाढ, सहावी ती ही.