लाकडी माडीचा कंप : कारणे, गणित व उपाय

चिकोडी, निपाणी, संकेश्वर या पेठांतील जुन्या घरांची रचना वाचकांस परिचित आहे. खाली पेढी व वखार, वर बिऱ्हाड, आणि या दोहोंमध्ये तुळया, कड्या व फळ्या यांचा कडीपाट. अशा माडीवर कोणी झपझप चालू लागले की फडताळातील भांडी किणकिणतात व तांब्यातील पाण्यावर वलये उठतात. यावरून आपल्या व्यापारी मंडळींत दोन मते ऐकू येतात. माडी हलते, अर्थात लाकूड संपले, ती पाडून स्लॅब घालावा, हे एक मत. आणि माडी हलत नाही, अर्थात ती भक्कम आहे, तीवर खुशाल पोती रचावीत, हे दुसरे. पहिल्या मतापायी उत्तम सागवान व पदरचा पैसा वाया जातो. दुसऱ्या मतापायी माणसाच्या जिवावर बेतू शकते. यास्तव या विषयाचे शास्त्र काय सांगते ते थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

कंप कसा उत्पन्न होतो

मनुष्य सामान्य गतीने चालताना सेकंदास सुमारे दोन पावले टाकतो. संथ चालीत दीड, घाईत अडीच. प्रत्येक पावलाचा धक्का हा एकसुरी नसतो. त्यात दोनाच्या जोडीने चार, सहा व आठ अशा पटींतील सौम्य धक्केही मिसळलेले असतात. उलटपक्षी प्रत्येक माडीस स्वतःची अशी एक स्वाभाविक कंपसंख्या असते. झोपाळ्यास त्याच्याच लयीत हलका हात लावीत गेल्यास झोका वाढत जातो. त्याचप्रमाणे पावलाची लय, अथवा तिची एखादी पट, माडीच्या लयीशी जुळली की कंप साचत जातो. यास अनुनाद म्हणतात. १८३१ साली इंग्लंडात मँचेस्टरजवळील ब्रॉटन येथील झुलता पूल सैनिकांच्या एकलयी चालीखाली कोसळला. तेव्हापासून पुलावरून जाताना सैनिकांनी पाऊल मोडून चालावे, असा दंडक पडला.

माडीची कंपसंख्या सेकंदास आठांहून कमी असेल तर अनुनादाचे भय असते, असे स्थूलमानाने मानतात. आठांहून अधिक असेल तर कंप साचत नाही; प्रत्येक पावलाचा धक्का सुटा जाणवतो व पुढील पाऊल पडण्यापूर्वी बहुतेक विरून जातो.

मनुष्याचे शरीर या बाबतीत फार हळवे आहे. सेकंदास चार ते आठ वेळांचा उभा कंप त्यास विशेष जाणवतो. आठ कंपांच्या लयीत माडी केसाच्या जाडीहूनही पुष्कळ कमी हलली, तरी स्वस्थ बसलेल्या माणसास ते कळते. इतक्या सूक्ष्म हालचालीने निरोगी कडी मोडत नाही. सबब कंप हा बहुधा सुखासुखाचा प्रश्न असतो, बळकटीचा नव्हे.

साधे गणित

कंपसंख्येचा अंदाज करण्याची एक सोपी रीत आहे. कडी आपल्या अंगच्या व वरील कायम वजनाने मध्यभागी किती मिलीमीटर लवते ते काढावे, त्या आकड्याचे वर्गमूळ घ्यावे व त्याने १८ ला भागावे. लवण १ मिलीमीटर असेल तर कंपसंख्या १८. ४ असेल तर ९. ९ असेल तर ६. पाच मिलीमीटर लवणीस ती आठ येते, हाच तो सीमेचा आकडा.

उदाहरणार्थ, सागवानी कडी ७५ मिलीमीटर रुंद व १२५ मिलीमीटर उभी, दोन कड्यांतील अंतर ४५० मिलीमीटर आणि गाळा ३ मीटरचा घेऊ. वर केवळ इंचभर फळ्या असतील तर दर चौरस मीटरास वजन सुमारे ३० किलो, लवण सव्वा मिलीमीटरच्या आत व कंपसंख्या सुमारे १७ येते. त्याच कड्या साडेचार मीटरांच्या गाळ्यावर टाकल्या तर लवण पाचपट होऊन कंपसंख्या साडेसातांवर उतरते. गाळा दीडपट झाला की कंपसंख्या निम्म्याहूनही खाली जाते, हे ध्यानात ठेवावे.

आता तीन मीटरांच्या त्याच माडीवर जुन्या रीतीप्रमाणे तीन इंच माती घातली, तर वजन दर चौरस मीटरास सुमारे १५० किलो होते आणि तिचीही कंपसंख्या साडेसातच येते. आकडा एक; परंतु दोन्ही माड्यांवर चालून पाहिल्यास अनुभव अगदी भिन्न. मातीची माडी शांत, लांब गाळ्याची माडी थरथरती. याचे कारण असे की मातीच्या माडीचे एकूण वजन दुसरीच्या तिपटीहून अधिक आहे. जड वस्तू त्याच धक्क्याने कमी हलते. शिवाय मातीचे कण एकमेकांवर घासून कंपाची शक्ती खातात. या गुणास शमन म्हणतात.

तात्पर्य, केवळ कंपसंख्येवरून निर्णय करू नये. यासाठी युरोपातील लाकडी बांधकामाच्या संहितेत दुसरी एक कसोटी जोडली आहे : मध्यभागी सुमारे शंभर किलोंचा एकवटलेला भार ठेवला असता माडी किती खचते? देशपरत्वे अर्धा ते चार मिलीमीटर अशी मर्यादा तेथे सुचविली असून आकडा जितका लहान तितकी माडी चांगली. आपल्या उदाहरणातील एकट्या कडीवर सर्व भार आला तर ती ३ मीटरांत साडेचार मिलीमीटरांच्या आसपास खचेल आणि साडेचार मीटरांत पंधरांहून अधिक. कंपसंख्येने जो भेद दाखविला नाही तो येथे स्पष्ट होतो. प्रत्यक्षात फळ्या हा भार शेजारच्या कड्यांवर वाटतात. फळ्या जितक्या घट्ट बसविलेल्या, तितकी वाटणी चांगली.

हा प्रश्न आजचा नाही. इंग्लंडातील बांधकामशास्त्रज्ञ थॉमस ट्रेडगोल्ड याने १८२८ सालीच लिहून ठेविले आहे की, लांब गाळ्याच्या तुळया पुरेशा उंच घ्याव्यात, एरवी खोलीत चालले की सर्व सामान हादरेल. कडीची उंची दुप्पट केली तर तिची ताठरता आठपट होते. रुंदी दुप्पट केली तर केवळ दुप्पट. म्हणूनच जाणता सुतार कडी आडवी न टाकता उभी टाकतो. पुण्याचा विश्रामबाग वाडा दुसऱ्या बाजीरावांनी १८०७ साली बांधिला. १८२१ पासून तेथे संस्कृत पाठशाळा भरू लागली. नीट राखलेले लाकूडकाम किती काळ टिकते, याची साक्ष आजही तो वाडा देत आहे.

उपाय

कंप त्रासदायक असेल तर पुढील उपाय क्रमाने करावेत. प्रथम सैल फळ्या स्क्रूने आवळाव्यात. नंतर दोन कड्यांमध्ये मध्यभागी आडवे ठोकळे घट्ट बसवावेत, म्हणजे एका कडीवरील पाऊल चार कड्या मिळून उचलतील. याने न भागल्यास गाळ्याच्या मध्ये खालून एक तुळई व खांब द्यावेत. गाळा निम्मा झाला की कंपसंख्या चौपट होते. याहून गुणकारी उपाय नाही. हे सर्व स्लॅबच्या मानाने अल्प खर्चाचे आहे.

पोत्यांविषयी इशारा

आता आमच्या धान्याच्या धंद्याशी निगडित असा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. पोती रचलेली माडी हलत नाही, हे खरे. वजन वाढल्याने व दाणे परस्परांवर घासल्याने कंप दबतो. परंतु त्याच वेळी कडीवरील ताण अनेक पटींनी वाढलेला असतो. शंभर किलोंचे ज्वारीचे पोते सुमारे अर्ध्या चौरस मीटर जागेवर बसते; म्हणजे एका थराचा भार दर चौरस मीटरास २०० किलोंच्या घरात जातो. राहत्या खोलीच्या जमिनीसाठी भारतीय मानकाने धरलेला भार सुमारे २०० किलोंचा आहे. एका थरातच तो जवळजवळ संपतो, आणि आपल्याकडे थप्पी तर पाच-पाच थरांची लागते! पोती पन्नास किलोंची घेतली म्हणून हा हिशेब बदलत नाही; जागा थोडी व थर जास्त इतकेच. शिवाय लाकूड दीर्घकाळच्या ओझ्याखाली हळूहळू लवतच राहते. स्थिर माडी म्हणजे सुरक्षित माडी नव्हे.

बळकटी पाहावयाची तर कंप न पाहता कडीची टोके पाहावीत. भिंतीत गेलेल्या टोकास ओल लागून ते कुजते, वाळवीही तेथेच शिरते. टोच्याने टोचून लाकूड मऊ लागते काय, ठोकल्यास पोकळ आवाज येतो काय, कडीस कायमचा बाक आला आहे काय, हे दर वर्षी पावसाळा संपताच पाहावे. पूर्वी स्थिर असलेली माडी अकस्मात हलू लागली, अथवा कंप एकाच कोपऱ्यात वाढला, तर मात्र ती धोक्याची सूचना समजावी, माडी त्वरित रिकामी करावी व जाणत्या इंजिनिअरास दाखवावी.

कंपाचे मापन आता घरोघरीच्या मोबाईलनेही करता येते, कारण त्यात हालचाल टिपणारे यंत्र असते. तरुण मुलांनी तो माडीच्या मध्यभागी ठेवून, जवळच टाचा उचलून एकदम टेकाव्यात व सेकंदास किती लहरी उमटतात ते मोजावे. ती संख्या आपल्या हिशेबाशी ताडून पाहावी व वहीत तारखेसह नोंदवावी. पुढील वर्षी फळ्या, सामान तेच असून संख्या उतरलेली दिसली, तर कोठे तरी ताठरता कमी झाली आहे हे कळेल.

आपल्या धर्मात ईर्यासमिती सांगितली आहे ती जीवदयेसाठी; पाहून, जपून पाऊल टाकणाराच्या पायाखाली माडीही कमी हादरते, हा तिचा एक लहानसा लौकिक लाभ समजावा. जमाखर्चात आपण जसे पै-पैचे आकडे पाहिल्यावाचून मत देत नाही, तसेच घर पाडण्यापूर्वी अथवा माडीवर माल चढविण्यापूर्वी आकडे पाहावेत, एवढीच आमची सर्व बंधुभगिनींस विनंती आहे.